बिट्टीचं कुंपण

"बाई, ठिपक्या नाचाय लागलाय!" बाहेरून कुणीतरी खिदळत ओरडलं.

मी आत हजेरीपट भरत बसले होते. दुपारचे साडेबारा झाले असतील. खाऊ वाटून झाला होता, मुलं अंगणात खेळत होती आणि बालवाडी सुटायला अर्धा तास होता.

"नाचू दे. पण कुणी त्याच्या शेपटीला काही बांधलं असेल तर याद राखा!" मी आतूनच दम भरला.

दम भरायची मला सवयच होती. सव्वीस वर्षांची होते. सांगलीच्या आडबाजूला, माळावरच्या एका वाडीत एकटीने बालवाडी चालवत होते. हाताशी मदतनीस म्हणून चंद्राबाई तेवढ्या. माझ्या टेबलावर एक लाकडी पट्टी असे आणि ती नुसती रेघा ओढायला नसे. मुलं माझ्यामागे मला 'पट्टीच्या बाई' म्हणतात हे मला ठाऊक होतं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

बाहेरचं हसू एकदम थांबलं. मुलं रडली तर मी उठत नसे, पण गप्प झाली की उठायचे. मी बाहेर आले.

ठिपक्या म्हणजे बालवाडीच्या आसऱ्याला आलेलं तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. मुलांच्या खाऊवर वाढलेलं, गोल पोटाचं. ते अंगणाच्या मधोमध चारी पाय फाकवून उभं होतं आणि दारू प्यायल्यासारखं झुलत होतं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. माझ्याकडे यायला म्हणून त्याने पाऊल उचललं आणि ते कुशीवर कलंडलं. मग भडाभडा ओकलं.

ओकारीत शेंगदाण्याचे तुकडे होते. शेंगदाण्यात नवल नव्हतं, त्या दिवशी खाऊला शेंगदाणे आणि गूळच होता. पण त्यात पांढऱ्या चकत्यांसारखंही काही होतं. मी काडीने उलटून पाहिलं. ते शेंगदाणे नव्हते.

"याला काय खायला घातलंत?"

माझी नजर कुंपणाकडे गेली. कुंपणाच्या सावलीत भातुकली मांडली होती. तीन दगडांची चूल, पिंपळपानांची पंगत, एक पाट्यासारखा चपटा दगड. त्या दगडावर पांढरं काहीतरी गुळात कालवून ठेचलेलं होतं. बाजूला बिट्टीच्या फुटलेल्या कवट्या पडल्या होत्या.

चंद्राबाईही माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

बिट्टी म्हणजे पिवळ्या कण्हेरीचं फळ. बालवाडीचं सगळं कुंपणच तिचं होतं. सरळ रेघेत बावीस झाडं, मी स्वतः लावलेली, बालदीने पाणी घालून जगवलेली. जास्वंद, मोगरा, पपई, काहीही लावलं तरी वाडीतल्या शेळ्या आठवड्यात फस्त करत. पिवळ्या कण्हेरीला मात्र शेळी तोंड लावत नाही. तीन वर्षांत कुंपण पुरुषभर वाढलं, बारा महिने पिवळं फुललं आणि तालुक्यात 'सुंदर बालवाडी'चं बक्षीस घेऊन आलं. त्याचा फोटो माझ्या टेबलामागे टांगलेला होता.

बिट्टीचं बी विषारी असतं हे मला माहीत नव्हतं का? होतं. माझ्या माहेरच्या गल्लीतल्या एका सासुरवाशिणीने त्यानेच जीव दिला होता. मी तेव्हा आठ वर्षांची. बायका कुजबुजत होत्या ते सगळं ऐकलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही मुली ओट्यावर बसून बिट्ट्यांनी खेळत होतो. सगळ्याच मुली खेळायच्या. ते खेळायचं फळ होतं, ते काय कुणी खातं? शिवाय इतकं कडू असतं म्हणतात की पोर जिभेला लावताच थुंकून टाकेल.

पण या पोरांनी त्यात गूळ घातला होता.

"कुणी खाल्लं?" मी ओरडले.

सात पोरं होती अंगणात. साती जणांनी माना हलवल्या.

"न्हाई बाई."

"खोटं बोलू नका. लाडू केले होते ना? कुणी खाल्ले?"

"न्हाई बाई. कुनीच न्हाई."

"ठिपक्यानं खाल्लं," सुऱ्या म्हणाला. तो पाच वर्षांचा होता आणि वेळ पडली तर देवाच्या नावावरही ढकलून मोकळा झाला असता.

ठिपक्याचे पाय आता एकसारखे उडत होते. मुलं त्याच्याकडे बघत होती, मी मुलांकडे बघत होते. कुणाच्या तोंडाला लाळ आहे, कुणाचे डोळे जड झालेत, कोण पोट धरून उभं आहे. भीतीने सगळीच पांढरी पडली होती, त्यात विषाने कोण पांढरं पडलंय ते कसं ओळखायचं? छाया एका कोपऱ्यात हुंदके देत होती. मी तिचा दंड धरून गदागदा हलवलं. "तू खाल्लंस? बोल! तू खाल्लंस?" तिने बोलायच्या ऐवजी चड्डीतच केलं.

"बाई," चंद्राबाई हळूच म्हणाल्या, "हातात पट्टी हाय तुमच्या."

खरंच होती. आतून येताना मी ती केव्हा उचलली होती मलाही कळलं नव्हतं. मी त्या पट्टीकडे पाहिलं, मग मुलांकडे. तालुक्याचा दवाखाना चौदा कोस नव्हे पण चौदा किलोमीटर तरी होता. सातच्या सात पोरं न्यायला वाहन नव्हतं. आणि जे एक मरायला टेकलं असेल, ते मार चुकवण्यासाठी गप्प बसलं होतं.

मी पट्टी कुंपणापलीकडे भिरकावली. मुलांनी ती जाताना पाहिली, पण कुणी पुढे आलं नाही. नुसती पट्टी फेकून भागणार नव्हतं, चार वर्षांची दहशत होती ती.

मग काय सुचलं कोण जाणे. मी पंगतीपाशी गेले, पिंपळाच्या एका पानासमोर मांडी घालून बसले आणि पदर सावरला. जमेल तेवढ्या लाडिक आवाजात म्हणाले, "अगं बाई, कुणी आहे का घरात? लांबून पाहुणी आलेय मी."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. नंदा त्यांतली म्होरकी, साडेपाच वर्षांची. भातुकलीत सासू, आई, मालकीण, जे काही वरचं असेल ते तीच व्हायची. ती दोन पावलं पुढे आली, थांबली. मी तिच्याकडे बघितलंच नाही. रिकाम्या दगडाकडे बघत म्हणाले, "भूक लागलीय हो. स्वयंपाक झाला का?"

माझ्या पाठीमागे ठिपक्या घरघरत होता. मी मान वळवली नाही.

"उशीर केलासा तुमी," नंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली. आवाज थेट तिच्या आईचा. "पंगत उठली की कवाच."

"उठली? अगं बाई! मग कोण कोण जेवून गेलं?"

"सुऱ्या आन छाया वाढपी हुतं. त्यांनी चव बघितली आन थुकलं. कडू हाय म्हनलं."

"बरं. आणि तू?"

"म्या सैपाकीन. सैपाकीन मागनं जेवती."

"आणि जेवायला कोण होतं मग?"

"विहीनबाई हुत्या. त्येंनी खाल्लं की दोन लाडू."

"दोन?" माझा आवाज फाटला, मी खोकल्यासारखं केलं. "कडू होते ना?"

"विहीनबाई बी म्हनल्या कडू हाय, नगं. पर म्या म्हनलं, पानात टाकायचं न्हाई. बाई मारत्यात."

हे ती मलाच सांगत होती, बाईंबद्दल. खेळात मी बाई नव्हते ना.

"कोण होत्या विहीणबाई?"

नंदाने इकडेतिकडे पाहिलं. खेळ आणि खरं यांच्यामधल्या उंबऱ्यावर ती उभी राहिली आणि मला वाटलं, आता ही गप्प बसणार. मी हात जोडले. खरेखुरे जोडले.

"वनी," ती म्हणाली. "तिला आज पैल्यांदाच खेळाय घेतली हुती. लई मागं लागली हुती म्हनून मोठं पान दिलं तिला."

मी पुन्हा मोजलं. सात. वनी त्यात नव्हती.

"कुठाय वनी?"

"प्वाट दुखतंय म्हनली आन घरला गेली. मोठ्या शाळंची घंटा झाली तवा."

मोठ्या शाळेची घंटा बाराला होत असे.

"किती बिट्ट्या फोडल्या होत्यात गं?"

नंदाने बोटं काढली. "चार. दोन फुटल्याच न्हाईत."

चंद्राबाईंना ओरडून सांगितलं, सुऱ्या आणि छायाची तोंडं खळखळून धुवा, दुधाचा टेम्पो येईल त्यातून दोघांना घेऊन तालुक्याला या, बाकीच्यांना एकेकाला घरी पोचवा. दगडावरचा ठेचा आणि एक कवटी पिंपळपानात बांधून कमरेला खोचली आणि मी धावत सुटले. चप्पल घातली नव्हती हे मला दवाखान्यात गेल्यावर कळलं.

वनी ही हौसामावशीची नात. हौसामावशी वाडीच्या अगदी टोकाला राहायच्या. पन्नाशीच्या पुढच्या, काटक, जवळ सतरा-अठरा शेळ्या. वनीचे आईबाप कारखान्यावर ऊसतोडीला जात आणि सहा-सहा महिने पोरगी आजीपाशी. माझं आणि हौसामावशीचं भांडण साऱ्या वाडीला ठाऊक होतं. माझ्या जास्वंदी खाल्ल्या त्या यांच्याच शेळ्यांनी. तीन वर्षांत आम्ही एकमेकींशी धड बोललो नव्हतो. तरी त्यांनी नातीला बालवाडीत घातली होती. घालायच्या आधी ती शेळ्यांमागे फिरायची आणि अंगाला शेळ्यांचा वास यायचा म्हणून मुलं तिला खेळायला घेत नसत. हे मला दिसत होतं. मी त्याचं काही केलं नव्हतं.

हौसामावशी दारात शेळ्यांना बाभळीचा पाला टाकत होत्या. मला बघून त्यांनी विळा खाली ठेवला नाही.

"आता काय खाल्लं म्हनायचं आमच्या शेरडांनी?"

"वनी कुठाय?"

"निजलीया. उन्हाची आली, एकदा वकली, म्हनून म्या निजीवली. कशापाय?"

मी त्यांना बाजूला सारून आत शिरले. वनी वाकळेवर पडली होती. ओठांच्या कडेला वाळलेला फेस, कपाळ घामाने थबथबलेलं आणि हाताला गार. "वने! वने!" मी गालावर थापट्या मारल्या. डोळे अर्धवट उघडले, माझ्यावर थांबले आणि परत मिटले. मी मनगट धरलं. नाडी बघायला आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. बोटाखाली एक ठोका लागला. मग मी वाट बघितली. इतका वेळ वाट बघितली की मला वाटलं संपलं. मग दुसरा लागला.

"बिट्टी खाल्लीय तिनं. भातुकलीत," मी म्हटलं.

हौसामावशींच्या हातातला विळा तेव्हा खाली पडला. वाकून त्यांनी नातीच्या तोंडाचा वास घेतला, शेळीच्या करडाचा घेतात तसा.

"मिठाचं पानी पाजू? वकंल."

"नको, गुंगीत आहे. श्वासात जाईल. दवाखाना. लगेच."

त्यांनी पोरीला उचलून माझ्या हातात दिलं आणि आम्ही चावडीकडे धावलो. ग्रामसेवक पिसाळ भाऊसाहेबांची मोटारसायकल चावडीपुढे उभी असायची आणि देवाची कृपा, त्या दिवशीही होती. भाऊसाहेब जेवणाचा डबा उघडून बसले होते. माझ्या हातात पोर बघितलं आणि डबा तसाच टाकून त्यांनी किक मारली. मागे पोरीला घेऊन एकाच माणसाला बसता येणार होतं.

"तुम्ही बसा, मावशी. मी मागून—"

"न्हाई. तुमी जावा," हौसामावशी म्हणाल्या. "तुमास्नी डाक्तरासंगं बोलाय येतंय. मला काय सांगाय येनार? म्या यश्टीनं येते."

रस्ता माळावरचा, खडीचा. मी वनीला छातीशी आवळून धरलं होतं आणि तिच्या मनगटावरचं बोट काढलं नव्हतं. खड्ड्यातून गाडी उडाली की ठोका हरवायचा. मग मी मोठमोठ्याने काहीबाही बोलायचे. "वने, ऐक. अ अननसाचा. आ आईचा. म्हण. वने, म्हण." ती म्हणत नव्हती. कुठल्याशा ओढ्यापाशी तिने माझ्या पदरावर ओकलं आणि मला हायसं वाटलं, पोरगी अजून ओकतेय म्हणून. अशी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. पुढे माझं स्वतःचं बाळंतपण अडलं तेव्हाही वाटली नाही.

दवाखान्यात निकम नावाचे तरुण डॉक्टर होते. मी पिंपळपानात बांधून आणलेला पांढरा ठेचा आणि एक कवटी त्यांच्या टेबलावर ठेवली. किती बिया, किती वाजता, गुळात, दोन लाडू. मी पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नर्सला हाक मारली. दार बंद झालं. आतून नळी घातल्याचा, पोरीच्या गुदमरल्याचा, भांड्यांचा आवाज येत राहिला.

हौसामावशी तासाभराने आल्या. त्याच सुमाराला टेम्पोतून सुऱ्या आणि छाया आली. ती दोघं ठीक होती. सुऱ्या तर दवाखाना बघून खूश होता. चंद्राबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ठिपक्या गेला, बाई." मी मान हलवली.

चारच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. "पोट धुतलंय. पण बरंचसं अंगात गेलंय. हृदयाचे ठोके फार कमी आहेत, मधेच चुकतायत. सलाईनमधून इंजेक्शन चालू आहे. जरूर पडली तर जिल्ह्याला हलवू, पण आत्ता हलवण्यात धोका आहे. उद्या सकाळपर्यंत मी काही सांगू शकत नाही." मग त्यांचा आवाज चढला. "मला एक सांगा, लहान मुलं खेळतात तिथे हे झाड लावलं कुणी?"

पिसाळ भाऊसाहेब माझ्याकडे बघू लागले आणि मग खिडकीबाहेर. बक्षीस घ्यायला स्टेजवर तेही माझ्या शेजारी उभे होते.

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी हौसामावशी बोलल्या.

"लावतंय कोन, दादा? माळावरचं झाड. आपसूक उगावलं."

डॉक्टर पुटपुटत आत गेले. भाऊसाहेब चहा आणायचं निमित्त करून निघून गेले. आम्ही दोघी बाकावर राहिलो. मला त्या बाईकडे बघवेना.

कारण झाड आपसूक उगवलं नव्हतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मी खड्डे खणत होते तेव्हा त्या शेळ्या घेऊन कुंपणापाशी थांबल्या होत्या. "बाई," त्या म्हणाल्या होत्या, "ज्येला शेरडू तोंड लावत न्हाई, ते पोराबाळांच्या दारात कशापाय लावताय?" चांगल्या शब्दांत म्हणाल्या होत्या, भांडायला नव्हे. त्याच आठवड्यात त्यांच्या एका शेळीने माझी फुलावर आलेली जास्वंद बुडख्यापर्यंत खाल्ली होती. मी कुदळ टेकवून म्हटलं होतं, "तुमच्या शेरडांसाठीच लावतेय. खाऊ देत की एकदा! मेली तर मरू देत, एकदाची पीडा जाईल."

हौसामावशी शेळ्या हाकलत पुढे गेल्या होत्या.

"खोटं का सांगितलंत, मावशी?" मी विचारलं.

"मंग काय खरं सांगू?" त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "भाऊसाब कागूद करनार. तुमास्नी काढून टाकत्याल. दुसरी बाई येती व्हय आमच्या माळावं? तुमच्या आदी धा वरीस कोन आलं न्हाई. बालवाडी बंद, आन वनी पुन्यांदा शेरडांमागं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "परवा तिनं चुलीम्होरं राखंत माजं नाव काडलं. हौसा. म्या पैल्यांदा बगितलं माजं नाव."

मला रडू फुटलं. त्यांनी मला गप्प केलं नाही, पाठीवरून हात वगैरे काही फिरवला नाही.

"तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आलाय की," हौसामावशी म्हणाल्या. "लई आलाय. पर आदी पोरगी उटू द्या. मंग काडते."

आणि त्या पदराखाली हात घेऊन बसून राहिल्या. मीही बसले. राग त्यांच्या अंगातून मला जाणवत होता, चुलीशेजारी बसल्यावर धग लागते तसा. तरी मी जागा सोडली नाही. त्यांच्या शेजाराखेरीज दुसरीकडे कुठेच मला बसवलं नसतं.

सकाळी साडेसहाला नर्सने आम्हाला आत बोलावलं. वनी लोखंडी खाटेवर पालथ्या वाटीएवढी दिसत होती. नाकात नळी, हाताला फळी बांधून सलाईन. डॉक्टर तिच्या छातीला नळी लावून उभे होते. रात्रभर तेही झोपले नसावेत. "ठोके सुधारलेत," ते म्हणाले. "अजून दोन दिवस ठेवायला लागेल. पण आता सांगतो, वाचली."

हौसामावशी खाटेच्या कडेला बसल्या आणि वनीचे पाय दोन्ही हातांनी धरून ठेवले.

वनीने डोळे उघडले. आधी छताकडे पाहिलं, मग आजीकडे. मग तिच्या डोक्याशी उभी असलेली मी तिला दिसले. तिचं तोंड एकदम आक्रसलं. ओठ सुकून पांढरे झाले होते. आवाज येईना, तरी तिने जोर लावला.

"म्या न्हाई खाल्लं, बाई," ती म्हणाली. "मारू नगा."

त्या खोलीत डॉक्टर होते, नर्स होती, नुकतेच आलेले भाऊसाहेब दारात होते. सगळ्यांनी ऐकलं. पण तेव्हा मला त्यांच्यापैकी कुणाचं काही वाटलं नाही. मला फक्त एवढं कळलं, की हे पोर काल बाराच्या घंटेला पोटात कळ धरून माझ्यासमोरून गेलं असेल. माझं दार उघडं होतं. मी आत हजेरी भरत होते. विष खाल्लंय हे तिला ठाऊक नव्हतं, पण मी मारेन हे ठाऊक होतं, आणि ती माझ्या दारावरून न थांबता गेली.

"तू काही केलं नाहीस, वने," मी म्हटलं. मग डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, ते झाड आपसूक उगवलेलं नाही. बावीसच्या बावीस मी लावलीत. मावशींनी नको म्हणून सांगितलं होतं. तरी लावली."

भाऊसाहेबांनी खाली मान घातली. डॉक्टर काहीतरी बोलणार होते, पण खाटेकडे पाहून ते सलाईन तपासायला वळले. हौसामावशींनी माझ्याकडे मान वळवली. मला वाटलं, आता. आता त्या राग काढणार. आणि काढावा असंच मला वाटत होतं, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

त्यांनी उशाशी ठेवलेली पाण्याची वाटी उचलली, त्यात चमचा घातला आणि माझ्यापुढे धरली.

"पाजा तिला," त्या म्हणाल्या. "तुमीच पाजा."

मी चमचा भरला. माझा हात तिच्या तोंडाजवळ जाऊ लागताच वनीने डोळे गच्च मिटून घेतले आणि मान खांद्यात ओढून घेतली.

मी हात तसाच धरून ठेवला. चमच्यातलं थोडं पाणी चादरीवर सांडलं. बऱ्याच वेळाने तिने एक डोळा उघडून चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग तोंड उघडलं.